आखातात निघालेल्या कारीगर बंधूंनो, आधी लिहून घ्या

आमच्या दुकानातून डेनिम उचलून पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवणारा एक कारीगर दोन वर्षांपूर्वी शारजाला गेला. निघताना मिठाई घेऊन आला, सलाम करून, दुआ मागून गेला. साडेचार महिन्यांनी परतला तेव्हा मात्र दुकानासमोरून मान खाली घालून निघाला होता. आम्हीच हाक मारून बसवले, चहा मागवला. मग हळूहळू हकीकत बाहेर आली.

बायकोचे दागिने गहाण टाकून आणि थोडे व्याजाने काढून त्याने एका माणसाला सव्वा लाख रुपये दिले होते. पावती नव्हती. हातात मिळाला तो व्हिजिट व्हिसा. "तिथे पोचलास की कामाचा व्हिसा लागेल," असे सांगितले होते. सांगितले होते शिलाई मशीनचे काम, दिले गोदामात गाठोडी उचलण्याचे. दोन महिने पगार नाही, मग अर्धा पगार, मग व्हिसाची मुदत संपली. तक्रार करायला गेला तर पहिला प्रश्न आला, "करार दाखवा." त्याच्याजवळ कागद म्हणून होता तो विमानाच्या तिकिटाचा. इथल्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे.

या गोष्टीत आमचाही दोष आहे आणि तो आम्ही कबूल करतो. त्या सव्वा लाखात वीस हजार आमचे होते. उसने दिले, पण एक प्रश्न विचारला नाही. पाच मीटर कापड गेले तरी आम्ही बिल फाडतो. धंद्याचा माणूस परमुलखात जातो आहे, त्याचा कागद पाहायला मात्र आम्हाला सुचले नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार करण्याचा हुकूम आहे. ही आयत आपण सारे जाणतो. अमलात किती आणतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून टेलर, वेल्डर, फिटर, सुतार, रंगारी, ड्रायव्हर असे आपले कितीतरी लोक आखाताकडे डोळे लावून बसले आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्यांना पैसे देणाऱ्या आमच्यासारख्या दुकानदारांसाठी, जाण्यापासून परत येण्यापर्यंतच्या पायऱ्या येथे क्रमाने देत आहोत.

शहर परमुलखाहून आलेल्यांचे

ज्या उल्हासनगरात आम्ही दुकान मांडून बसलो आहोत, ते शहरच मुळी घरदार सोडून आलेल्यांनी वसवले. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली. आजही इथला पत्ता कॅम्प नंबरनेच सांगतात. त्या लोकांना परत जायचे नव्हते; आले ते कायमचे आले. आपला कारीगर मात्र परत येण्यासाठी जातो. त्याचे घर, मुले, मशीद, कब्रस्तान सारे इथेच राहते. म्हणून तिथे तो कसा राहिला याइतकेच, परत येताना त्याच्या हाती काय लागले, हेही महत्त्वाचे आहे. ते बहुतेक निघण्यापूर्वीच ठरते.

पासपोर्टवरचा शिक्का

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असे छापलेले असते. म्हणजे सौदी, अमिरात, कतार, कुवेत, ओमान, बहारीन यांच्यासह अठरा देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी त्याला सरकारची उत्प्रवास परवानगी लागते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यातून हा नियम आला. ही परवानगी देणारे अधिकारी म्हणजे 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'. मुंबईत त्यांचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. आपल्याकडून जाणाऱ्याने लोकलने कुर्ल्याला उतरावे, तेथून बस किंवा रिक्षा मिळते. अर्ज 'ई-मायग्रेट' या सरकारी संगणक व्यवस्थेतून होतो. ती २०१४ पासून चालू आहे.

पुष्कळ लोक या शिक्क्याला कमीपणा समजतात आणि तो चुकवण्यासाठी व्हिजिट व्हिसावर निघतात. हीच पहिली चूक. हा शिक्का म्हणजे दाराचे कुलूप आहे. त्यामुळे करार, मालकाचे नाव आणि पगार हे सरकारदप्तरी नोंदले जाते. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याची अशी नोंद कोठेच नसते. शिवाय ईसीआर पासपोर्टवाला कामासाठी जातो आहे असा संशय आला तर विमानतळावरूनच त्याला परत पाठवतात.

काही जण उर्दू शाळेतून दहावी पास असतात, पण पासपोर्ट काढताना दाखला जोडलेला नसतो, म्हणून शिक्का पडतो. अशांनी दहावीचे प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट नव्याने काढून घ्यावा. प्रमाणपत्रावरचे नाव, आधारवरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. शेख आधी की शेवटी, मोहम्मद पूर्ण की 'मो.', एवढ्यावरून पुढे बँकेपर्यंत अडचणी येतात.

भगिनींसाठी एक गोष्ट वेगळी. ईसीआर पासपोर्ट असलेल्या स्त्रीला या देशांत नोकरीसाठी जायचे तर वय किमान तीस वर्षे पूर्ण लागते. वय वाढवून कागद करून देणारा कोणी भेटला, तर तो पुढेही फसवणारच, हे समजून घ्यावे.

एजंट कसा ओळखावा

परदेशी माणसे पाठवण्याचा धंदा करायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी ई-मायग्रेटवर कोणालाही पाहता येते. घरात शिकलेला मुलगा असेल तर पाच मिनिटांत पाहून देईल. यादीत तीन गोष्टी जुळवाव्या: नाव, पत्ता, आणि परवाना चालू आहे की रद्द. परवानाधारकाने नेमलेला म्हणून जो गल्लीत फिरतो, त्या पोटएजंटाला कायद्यात जागा नाही. तो ओळखीचा असो, नात्यातला असो, मशिदीत शेजारी उभा राहणारा असो, पैसे त्याच्या हातात देऊ नयेत.

एजंटाने किती घ्यावे हेही ठरलेले आहे. सेवाशुल्क जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये. पैसे बँकेतून द्यावे आणि पावती घ्यावी. "पावती दिली तर टॅक्स लागेल" असे म्हणणारा माणूस टॅक्स वाचवत नसतो, तो पुरावा वाचवत असतो.

दहावी-बारावी झालेल्या मुलांना हल्ली थायलंडमधल्या संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवले जाते. २०२२ पासून असे अनेक भारतीय तरुण थायलंडमार्गे म्यानमारच्या हद्दीत नेऊन फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले. परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वेळोवेळी इशारे दिले आहेत. एवढ्या सोप्या कामाला एवढा मोठा पगार का, हा प्रश्न बापाने विचारला पाहिजे.

खर्चाचा हिशेब

आपण धंदेवाले आहोत, तेव्हा हिशेब मांडू. समजा कारीगराने एक लाख वीस हजार रुपये दरमहा तीन टक्क्यांनी काढले. पहिल्या महिन्याचे व्याजच ३,६०० रुपये. तो तिकडून दरमहा बारा हजार पाठवतो असे धरले, तर कर्ज फिटायला पूर्ण वर्ष लागते. दोन वर्षांच्या करारातले एक वर्ष सावकाराचे झाले. त्यात सुदाचा गुनाह आहे तो वेगळाच. तेच कायद्याप्रमाणे ३५,४०० रुपये लागले आणि ते बिनव्याजी मिळाले, तर तीन महिन्यांत माणूस मोकळा.

अमिरातीच्या कायद्यात कामगार आणण्याचा खर्च मालकाने करायचा आहे. तो कामगाराकडून थेट किंवा आडून वसूल करायला मनाई आहे. सौदीतही इकाम्याचा आणि त्याच्या नूतनीकरणाचा खर्च मालकाकडे आहे. म्हणून एजंट जेव्हा "व्हिसाचे ऐंशी हजार" मागतो, तेव्हा तो ज्या गोष्टीचे पैसे मागतो ती बहुधा मालकाने आधीच भरलेली असते.

करारात काय पाहावे

सही करण्यापूर्वी सात गोष्टी बोट ठेवून वाचाव्या.

एक, मालकाचे पूर्ण नाव आणि शहर. दोन, हुद्दा. व्हिसावर 'टेलर' आहे की 'क्लीनर' किंवा 'लोडर'? छापलेला हुद्दा हाच खरा. तीन, मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगवेगळे लिहिलेले असावे. चार, कामाचे तास आणि जादा कामाचा दर. पाच, राहणे, जेवण, दवाखाना कोणाकडे. सहा, सुट्टी आणि तिकीट. सात, कराराची मुदत.

मूळ पगाराचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. अमिरातीत एक वर्ष पूर्ण झाल्यावर नोकरी सोडताना सेवाअखेरची रक्कम मिळते: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांचा मूळ पगार, त्यानंतर दरवर्षी तीस दिवसांचा. दोघा कारीगरांना एकूण हजार दिरहमच मिळतात असे समजा. एकाचा मूळ पगारच हजार आहे, दुसऱ्याचा सहाशे आणि बाकी भत्ते. पाच वर्षांनी पहिल्याला ३,५०० दिरहम मिळतील, दुसऱ्याला २,१००. काम सारखेच, फरक कागदावरच्या एका ओळीचा. जादा कामाचा दरही मूळ पगारावरच निघतो.

आपल्या जीन्सच्या कारीगरांनी आणखी एक फरक समजून जावे. इथे आपण पीसवर काम करतो. हात चालला तर कमाई, मन नसेल तर सुट्टी. तिथे महिन्याचा पगार आणि घड्याळ. इथे एका कारीगराला फीड ऑफपासून ओव्हरलॉकपर्यंत सारे येते. मोठ्या कारखान्यात त्याला दिवसभर एकच शिवण मारावी लागते. अशाने चांगला कारीगर कंटाळतो. कंटाळून पळण्यापेक्षा आधी माहीत असलेले बरे.

आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना एक भ्रम असतो की अरबी कागद आपल्याला वाचता येतो. अक्षरे वाचता येतात, अर्थ नाही. उर्दूतला चारचा आणि सातचा आकडा अरबी पद्धतीहून वेगळा लिहितात. शब्दही फसवतात. आपल्याकडे 'गरीब' म्हणजे निर्धन, अरबीत 'गरीब' म्हणजे परका. अमिरातीत नोकरीचा प्रस्ताव अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजेल अशा भाषेत द्यायची सोय आहे, त्यांत हिंदी आणि उर्दू दोन्ही आहेत. ती प्रत मागून घ्यावी. नुसता अरबी कागद पुढे करून "इथे सही कर" म्हटले, तर हात आखडावा.

तपासणी, विमा आणि सामान

आखाती देशांसाठी त्यांच्या मान्यतेच्या केंद्रातच वैद्यकीय तपासणी होते. लोक तिला पूर्वीच्या 'गामका' नावानेच ओळखतात, आता तिचे काम 'वाफिद' या व्यवस्थेतून चालते. छातीच्या फोटोत जुन्या क्षयाचा डाग दिसला तरी माणूस नापास होऊ शकतो. आपल्या शिलाईखान्यांत आणि वेल्डिंगच्या शेडमध्ये धूळधूर कमी नाही. म्हणून एजंटाला एक पैसा देण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून छातीचा फोटो आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी. थोडक्या खर्चात मोठे नुकसान टळते.

ईसीआर पासपोर्टवाल्यांना 'प्रवासी भारतीय बिमा योजना' सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये, आणि कर वेगळा. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये मिळतात. पॉलिसीची प्रत घरी ठेवावी आणि बायकोला तिचा अर्थ समजावून सांगावा. कपाटात विमा असून घरच्यांना ठाऊक नाही, असे होऊ नये.

सामानात खसखस नेऊ नये, ती तिथे अमली पदार्थात मोडते. विड्याची पाने नेऊ नयेत. दुखण्याच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांवर कडक नियंत्रण आहे. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावी. आणि कोणी कितीही जवळचा असो, त्याचे बांधलेले पार्सल नेऊ नये. लोणच्याच्या बरणीत काय आहे, हे बरणी उघडल्याशिवाय कळत नाही, आणि विमानतळावर ती तुमच्या नावावर असते.

फिलिपिनो कामगाराकडून शिकण्यासारखे

आखातात गेलेला आपला माणूस परतल्यावर हमखास सांगतो की तिथल्या दुकानांत, दवाखान्यांत फिलिपिन्सचे लोक पुष्कळ आणि ते आपल्यापेक्षा नीट राहतात. त्याचे कारण रंगरूपात नाही. फिलिपिन्स सरकारने १९७४ पासून परदेशी रोजगाराकडे राज्याचे काम म्हणून पाहिले. १९९५ साली फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन या फिलिपिनो मोलकरणीला सिंगापुरात फाशी झाली, तेव्हा सारा देश हादरला आणि त्याच वर्षी परदेशी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आता त्यांच्यासाठी स्वतंत्र खातेच आहे. फिलिपिनो कामगार निघण्यापूर्वी शिकवणीला बसतोच, ती सक्तीची आहे. त्याचा करार सरकार तपासते. पंचवीस डॉलर भरून तो कल्याण निधीचा सभासद होतो.

आपल्याकडेही काही सोयी आहेत. सरकारची एक दिवसाची मोफत प्रस्थानपूर्व शिकवणी २०१८ पासून मुंबईतही चालते. तिथे त्या देशाचे कायदे, तक्रारीची जागा, पैसे पाठवण्याची रीत सांगतात. एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून लोक जात नाहीत. दोन वर्षांची मजुरी ज्यावर अवलंबून आहे, त्यासाठी एक दिवस द्यावा.

उतरल्यावर पहिला महिना

विमानातून उतरताना पासपोर्ट, व्हिसा, करार आणि विमा यांच्या प्रती दोन ठिकाणी असाव्या: एक अंगावर, एक घरी. फोनमध्येही फोटो काढून ठेवावे.

पहिल्या काही दिवसांत पुन्हा वैद्यकीय तपासणी, मग बोटांचे ठसे, मग ओळखपत्र. अमिरातीत त्याला 'एमिरेट्स आयडी' म्हणतात, सौदीत 'इकामा'. ते हाती येईपर्यंत मालकाकडे नम्रपणे पण रोज विचारणा करावी. सौदीत करार 'किवा' या सरकारी व्यवस्थेत नोंदलेला असतो. तो आपल्या फोनवर उघडून पाहावा आणि इथे सही केलेल्या कागदाशी ताडून पाहावा.

पासपोर्ट मालकाने स्वतःकडे ठेवणे अमिरातीत आणि कतारमध्ये बेकायदा आहे. व्हिसाच्या कामासाठी तो द्यावा लागतो, पण कोणत्या तारखेला दिला हे वहीत लिहावे आणि काम झाल्यावर परत मागावा.

राहण्याची खोली पहिल्याच रात्री नीट पाहावी. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि अनेक भारतीय त्यात गेले. जिना कोठे, दुसरी वाट आहे का, गॅस कोठे ठेवला आहे, हे झोपण्यापूर्वी माहीत असावे.

उन्हाळ्यात अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. अंबरनाथच्या वेल्डर बंधूंनी हे लक्षात ठेवावे. शुक्रवारची सुट्टी गृहीत धरू नये. अमिरातीच्या सरकारी कचेऱ्यांनी जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी धरली आहे. जुम्याच्या नमाजाला केव्हा सोडणार, हे मालकाशी आधीच बोलून घ्यावे.

आपले सिमकार्ड, बँकेचे कार्ड, ओळखपत्र गाववाल्यालाही वापरू देऊ नये. परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढू नये. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना हमखास माहीत नसते: अमिरातीत परवानगीशिवाय चंदा गोळा करणे गुन्हा आहे. गावच्या मशिदीसाठी, मदरशासाठी नियत कितीही नेक असो, खोलीखोलीतून वर्गणी मागत फिरू नये.

पगार थकला, तंटा झाला तर

रोज रात्री दोन ओळी लिहिण्याची सवय लावावी: किती वाजता काम सुरू, किती वाजता संपले. पगार बँकेत किंवा कार्डावर घ्यावा. अमिरातीत २००९ पासून पगाराची रक्कम सरकारच्या देखरेखीखालील व्यवस्थेतून जाते, त्यामुळे थकलेला पगार लपत नाही. रोखीने घेतला तर आपणच आपला पुरावा पुसतो.

काही झाले तरी पळून जाऊ नये. सौदीत पळालेल्या कामगारावर मालक 'हुरूब'ची नोंद करतो आणि मग खरा तक्रारदार कायद्याच्या नजरेत गुन्हेगार होतो. आता पळण्याची गरजही कमी झाली आहे. सौदीने १४ मार्च २०२१ पासून ठरावीक अटींवर, एक वर्षानंतर, मालकाच्या मर्जीशिवाय नोकरी बदलण्याची वाट दिली. ओमाननेही त्याच वर्षी मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढली. कतारने मार्च २०२१ पासून किमान वेतन हजार रियाल ठरवले. राहणे आणि जेवण मालक देत नसेल तर त्याचे पाचशे आणि तीनशे वेगळे. मात्र घरकाम करणारे आणि घरचे ड्रायव्हर यांचे नियम पुष्कळ ठिकाणी निराळे असतात, ते आधी विचारून घ्यावे.

आधी त्या देशाच्या कामगार खात्यात तक्रार करावी, त्याच वेळी आपल्या दूतावासाला कळवावे. दुबई, शारजा, रियाध, जेद्दा येथे भारतीय कामगारांसाठी सरकारी साहाय्य केंद्रे आहेत. घरच्यांना इथूनही 'मदद' या परराष्ट्र मंत्रालयाच्या व्यवस्थेत तक्रार नोंदवता येते; ती २०१५ पासून चालू आहे. भारतातून मोफत फोनचा क्रमांक १८०० ११ ३०९० आहे. तो घरात भिंतीवर लिहून ठेवावा. तक्रार कितीही खरी असो, प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न कागदाचाच येतो, हे पुन्हा सांगतो.

घरी येणारा पैसा

पैसा बँकेतून किंवा परवाना असलेल्या एक्स्चेंजमधून पाठवावा. हुंडीत दोन पैसे जास्त मिळतात खरे, पण ती बेकायदा आहे आणि पैसा बुडाला तर दाद मागायला जागा नाही. परदेशी नोकरी लागल्यावर इथे एनआरई खाते उघडावे. ज्यांना व्याज नको, त्यांनी ते चालू खात्याच्या स्वरूपात उघडावे. बँका उघडून देतात.

पैसा कोणाच्या नावावर यावा? आमचे स्पष्ट मत आहे की घरखर्चाचा पैसा बायकोच्या स्वतःच्या खात्यात यावा. भावाच्या खात्यात आलेल्या पैशातून खोली भावाच्या नावावर होते, आणि दहा वर्षांनी दोघे भाऊ वकिलाच्या दारात बसतात. यात भाऊ वाईट असतो असे नाही. कोणाचे किती हे लिहिलेले नसते. निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून ठेवावे: कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, कोणाची काय अमानत. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या. माणसाच्या जिवाचा भरवसा इथेही नाही आणि तिथेही नाही.

परत येण्याचा विचारही जातानाच करावा. किती वर्षे, किती रक्कम, आणि आल्यावर काय: दोन जुकी मशीन, छोटे वेल्डिंगचे दुकान, की बहिणीचे लग्न? ठरलेला आकडा असेल तर माणूस परततो. आकडा नसेल तर 'आणखी दोन वर्षे' म्हणता म्हणता मुले मोठी होतात.

दुकानदार आणि जमातींना विनंती

कारीगर गेला तर आमचे नुकसानच होते. हात सरावलेला माणूस पुन्हा मिळत नाही. तरी कोणाच्या रोजीच्या वाटेत आम्ही उभे राहणार नाही. मात्र आता आमच्याकडे कोणी आखातासाठी उसने मागायला आला, तर आम्ही पैशांच्या आधी पाच गोष्टी मागतो: एजंटाचा परवाना क्रमांक, पैशांची पावती, करार, व्हिसा आणि विमा. पाचही दिसल्या तर बिनव्याजी देतो आणि त्याचाही कागद करतो.

प्रत्येक जमातीने, प्रत्येक उर्दू शाळेने महिन्यातून एका रविवारी दोन तास एक टेबल मांडावे, तिथे दोन शिकलेली मुले बसावी आणि येणाऱ्याचा करार वाचून दाखवावा. याला इमारत लागत नाही, चंदा लागत नाही.

तो शारजाहून परतलेला कारीगर आता पुन्हा मशीनवर बसला आहे. दर शनिवारी पाचशे रुपये आणून देतो. आम्ही नको म्हटले तरी ठेवून जातो. गेल्या महिन्यात तो एक नवा करार घेऊन आला. आम्ही दोघांनी ओळ न् ओळ वाचली. पगार बरा होता, पण हुद्द्याच्या जागी 'लोडर' छापले होते. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "सेठ, टेलर लिहून आणतील तर जाईन." अजून आणलेले नाही. तो इथेच आहे, आणि त्याच्या घरात कोणी नव्याने कर्ज काढलेले नाही.

अल्लाह सर्वांना हलाल रोजी आणि सलामतीची परतफेरी देवो.